नोंदवहीतले नाव : लॉज, उतारू आणि दलित साहित्य

१

मराठीत ‘हॉटेल’ या एका शब्दाने आपण दोन जागा ओळखतो. एस.टी. स्टँडसमोर चहा-भजी मिळतात तेही हॉटेल आणि शहरात रात्रीपुरती खोली मिळते तेही हॉटेल. पहिल्यात कप असतो, दुसऱ्यात खाट असते. दलित साहित्याच्या समीक्षेने पहिल्या हॉटेलची भरपूर दखल घेतली. निराळी कपबशी हे दलित आत्मकथनांचे एक चिन्हच होऊन बसले. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) चहाच्या दुकानातली ही निराळी कपबशी येते, तेव्हा वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या हॉटेलकडे, म्हणजे खाटेच्या हॉटेलकडे, मात्र समीक्षा फारशी वळली नाही. गावकुसाबाहेरची वस्ती, पाणवठा, देऊळ, शाळा ही आपल्या चर्चेची ठरलेली ठाणी आहेत. त्यांत लॉज नाही. ही उणीव मला गंभीर वाटते आणि तिच्याविषयीच मी येथे लिहिणार आहे. एका लॉजमधल्या रात्रीने हा लेख मला लिहायला लावला. त्या रात्रीकडे मी शेवटी येईन, कारण ती सांगण्यापूर्वी काही पुस्तकांशी बोलणे आवश्यक आहे.

गावच्या हॉटेलात नाव विचारावे लागत नाही. हॉटेलवाल्याला तुमचा बाप ठाऊक असतो, आजा ठाऊक असतो, तुमच्या घराच्या कुडाच्या भिंतीही ठाऊक असतात. तुम्ही पायरीपाशी आलात की त्याचा हात आपोआप वळचणीतल्या कपाकडे जातो. तेथे जात आधीच माहीत असते, म्हणून प्रश्न उद्भवतच नाही. शहरातल्या लॉजचे तसे नाही. तेथे कोणी कोणाला ओळखत नाही. म्हणूनच काउंटरवर नोंदवही असते आणि तिच्यातला पहिला रकाना नावाचा असतो. शहराने आपल्याला अनोळखीपण दिले असे आपण म्हणतो. ते खरे आहे. गाव सोडा, शहराकडे चला, असे बाबासाहेब का सांगत होते हे त्यावरून कळते. परंतु त्या अनोळखीपणाच्या उंबरठ्यावरच शहराने एक वही ठेवली आहे. त्या वहीत दलित माणूस काय लिहितो, कसे लिहितो आणि लिहिताना त्याचा हात कोठे अडतो, हा मला दलित जाणिवेचा एक महत्त्वाचा कस वाटतो.

२

प्रस्थापित मराठी साहित्यात उतारूचा अनुभव नाही असे नाही. प्रवासवर्णन हा आपल्याकडे चांगला पोसलेला वाङ्मयप्रकार आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात हिंडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापले गेले. लूट, कत्तल, उपास हे सारे त्यांच्या वाट्याला आले आणि त्यांच्या हालांना मी तिळमात्र कमी लेखत नाही. तरीही त्या पुस्तकाच्या तळाशी एक भरवसा आहे. अनोळखी मुलखात शिरल्यावर कोणा ना कोणा ब्राह्मणाची ओसरी सापडेल, तेथे जानवे पाहून पथारी पसरता येईल, हा तो भरवसा. गोडसे भटजींना जात लपवावी लागली नाही. जात हाच त्यांचा परवाना होता.

पुढच्या काळात ओसरीच्या जागी हॉटेल आले, पण तो भरवसा तसाच राहिला. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हे मराठी मध्यमवर्गाचे लाडके पुस्तक. परक्या देशातले जेवणखाण, थंडी, शिष्टाचार यांत सापडलेल्या माणसाची जी तारांबळ तेथे उडते, तिला मीही हसलो आहे. पण ही तारांबळ खोलीत शिरल्यानंतरची आहे. गरम पाणी नाही, चहा पाणचट आहे, उशी टणक आहे ही तक्रार ज्याला खोली मिळालेली असते त्याची असते. मध्यमवर्गीय उतारूचा अनुभव दार उघडल्यावर सुरू होतो. दलित उतारूचा पुष्कळसा अनुभव दारापाशीच संपतो. आस्वादक समीक्षा जिला प्रसन्न शैली म्हणून गौरवते, त्या शैलीमागे उघड्या दाराचे हे गृहीत उभे असते. त्याचा दोष पु.लं.ना देण्याचे कारण नाही. त्या गृहीताची नोंदही न करणाऱ्या समीक्षेला मात्र तो दिलाच पाहिजे.

‘अपूर्वाई’नंतर तीनच वर्षांनी बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. एकाच मराठीत, एकाच दशकाच्या तोंडाशी ही दोन पुस्तके निघाली. एकात परदेशी गेलेला माणूस आपण कोण हे मोकळेपणाने सांगत हिंडतो. दुसऱ्यात आपल्याच देशात पोटासाठी गेलेला माणूस आपण कोण हे लपवून जगतो. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून शिकवणारे प्राध्यापक मला फारसे भेटले नाहीत, आणि मी स्वतः पुष्कळ वर्षे तसे शिकवले नाही हेही कबूल करतो.

३

बागुलांच्या आधी मात्र बाबासाहेबांकडे गेले पाहिजे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे इंग्रजी आत्मपर लेखन १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने काढले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ते समाविष्ट झाले. त्यातला बडोद्याचा प्रसंग चरित्रकारांमुळे घरोघर पोहोचला आहे. पण प्रसंग माहीत असणे वेगळे आणि लेखन वाचणे वेगळे. आपण हा प्रसंग भाषणात ऐकतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि पुढे जातो. लेखन म्हणून त्याकडे पाहिले तर काय दिसते?

१९१७ साल. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून हा तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला निघाला आहे. पाच वर्षे परदेशात काढल्यामुळे आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्याच्या मनातून पुसली गेली होती. ती परत येते ती उतरायचे कोठे या प्रश्नाबरोबर. हिंदूंची हॉटेले आहेत, पण खोटे बोलल्याशिवाय त्यांत प्रवेश नाही. मित्र आहेत, पण ते घरात घेतील याची खात्री नाही. म्हणून तो पारशांच्या धर्मशाळावजा उतारशाळेत जातो. पारशांत अस्पृश्यता नाही, असा त्याचा हिशेब आहे. तेथला रखवालदार वर येतो आणि अर्धवट कपडे उतरवलेल्या त्याच्या अंगाकडे पाहतो. सदरा आणि कस्ती त्याला दिसत नाहीत. मग सौदा ठरतो. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि रोजचा दीड रुपया द्यायचा.

अंग न्याहाळण्याचा हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. नोंदवहीच्याही आधी शरीर वाचले जाते. गळ्यात काय आहे, कमरेला काय आहे, हातावर काय गोंदले आहे, हे सारे वाचून झाल्यावर नाव विचारले जाते. आपल्या समाजात नाव हा पुरावा असतो आणि शरीर ही उलटतपासणी.

वरच्या मजल्यावरची ती जागाही लेखक नेमकी सांगतो. एक लहान खोली, बाजूला मोडक्यातोडक्या सामानाने भरलेले मोठे दालन, विजेचा दिवा नाही, रखवालदाराने दिलेला कंदील, आणि अंधारात फिरणारी वटवाघळे. बोलायला माणूस नाही. भाचा उरलेले सामान घेऊन येतो तेव्हा मामाची अवस्था पाहून त्याचा बांध फुटतो आणि मुलाला लगेच परत पाठवावे लागते. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढतात. तो हिंदू मित्राकडे विचारतो, ख्रिस्ती मित्राकडे विचारतो. दोन्हीकडून सभ्य नकार येतो. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ हा विद्वान अधिकारी शहराच्या बागेत काढतो.

हे सारे कोणत्या भाषेत सांगितले आहे? ज्या लेखकाने जातिव्यवस्थेवर आसूड ओढले, तो येथे आवाज चढवत नाही. दर, दिवस, काठ्यांची संख्या, गाडीची वेळ यांची नोंद तो हिशेबनिसासारखी करतो. काही समीक्षकांना हे लेखन कोरडे वाटते. मला तसे वाटत नाही. उतारूने मुक्काम सोडताना बिल तपासावे तसे हे लेखन आहे आणि बिलावरचा प्रत्येक आकडा एका समाजाने दुसऱ्याकडून वसूल केलेला आहे. शीर्षकातला व्हिसा हा परदेशात शिरायचा परवाना. न्यूयॉर्कमध्ये, लंडनमध्ये ज्याला छप्पर मिळाले, त्याला आपल्याच देशात छपरासाठी परवान्याची वाट पाहावी लागते. एवढा मोठा आरोप शीर्षकावर सोपवून लेखक मजकुरात शांत राहतो. आपल्या आत्मकथनांनी या शांतपणाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. विद्रोह म्हणजे दर वेळी आवाज चढवणे नव्हे.

४

‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा बागुलांनी लिहिली तेव्हा हे लेखन पुस्तिका म्हणून उपलब्ध नव्हते. तरी दोहोंची चौकट जवळजवळ एकच आहे. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर गेलेला शिकलेला दलित तरुण, राहायला जागा हवी म्हणून लपवलेली जात, सवर्ण सोबत्याने दिलेला मान, मग उघडकीला आलेले सत्य आणि मार. एकाने दुसऱ्याचे घेतले असे येथे म्हणता येणार नाही. व्यवस्था एकच असल्यामुळे तिने दोघांकडून एकच कथा लिहवून घेतली.

फरक आहे तो काशिनाथ सकपाळमध्ये. बागुलांनी निवेदकाशेजारी हे दुसरे पात्र उभे केले. काशिनाथ जात चोरत नाही, ती उघड सांगून अंगावर येणाऱ्यांना भिडतो आणि शेवटी निवेदकाला मारातून सोडवणाराही तोच असतो. समीक्षकांनी काशिनाथला विद्रोहाचा प्रतिनिधी ठरवले आणि निवेदकाला भेकड ठरवून बाजूला केले. हा निवाडा मला घाईचा वाटतो. दोघांनाही रात्री पाठ टेकायला जागा हवीच आहे. एक नाव सांगून ती गमावतो, दुसरा नाव लपवून ती मिळवतो आणि मग झोप गमावतो. बागुलांनी प्रश्न विचारला आहे तो निवेदकाच्या धैर्याविषयी नसून त्या खोलीच्या भाड्याविषयी आहे. खोलीचे खरे भाडे रुपयांत किती आणि माणूसपणात किती?

दया पवारांच्या ‘बलुतं’ची (१९७८) रचना या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखी आहे. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या शिकलेल्या, शहरी माणसाला सांगतो. माणूस एकच, नावे दोन. दगडूला गाव ओळखते, दयाला शहर ओळखते. या रचनेला समीक्षकांनी निवेदनाचे तंत्र म्हणून दाद दिली. मला ती नोंदवहीपुढे उभ्या असलेल्या माणसाची दोन उत्तरे वाटतात.

५

आता नागपूर. सीताबर्डी ही या शहराची मध्यवस्ती. व्यापारी, वकील, कारकून आणि कामासाठी येणारे परगावचे लोक यांनी भरलेली. १९५६च्या ऑक्टोबरात नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचना व्हायला आणखी दोन आठवडे होते. सीताबर्डीजवळच्याच महारपुऱ्याचे जिणे वसंत मून यांनी ‘वस्ती’त (१९९५) लिहून ठेवले आहे. बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड ज्यांनी संपादित केले तेच हे मून. बर्डीची झगमग आणि बर्डीची वस्ती यांच्यात अंतर चालत जाण्याइतके, पण व्यवस्थेने घातलेले अंतर कोसांचे, हे त्या पुस्तकातून कळते.

या सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब उतरले. बरोबर माईसाहेब आणि नानकचंद रत्तू होते. मधुमेहाने शरीर खचलेले, आधाराशिवाय चालणे अवघड. १३ तारखेला याच हॉटेलात त्यांनी वार्ताहरांशी बोलून आपला निर्णय सांगितला. १४ तारखेला, अशोक विजयादशमीच्या सकाळी, ते येथूनच निघाले. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग त्यांनी स्वतः लाखो लोकांना दीक्षा दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचे ते दीर्घ भाषण झाले, १६ तारखेला चांद्याला दीक्षेचा कार्यक्रम झाला, आणि पुढे दोन महिने व्हायच्या आतच ६ डिसेंबर उजाडला.

आपल्या लेखनात श्याम हॉटेल येते ते दीक्षाभूमीकडे जाण्याच्या वाटेवरचा एक थांबा म्हणून. पत्ता सांगावा तसे ते एका वाक्यात सांगून होते. मी त्याला बडोद्याच्या उतारशाळेसमोर ठेवून पाहतो. दोन्ही शहराच्या आतल्या, पैसे मोजून राहायच्या जागा. मधे एकोणचाळीस वर्षे. बडोद्यात या माणसाने छपरासाठी परधर्मीयाचे नाव घेतले आणि ते लपूनछपून घेतले. नागपुरात त्याने धर्मच बदलला आणि तो आधी वर्तमानपत्रांना कळवून, लाखोंच्या समक्ष, स्वतःचे नाव आणि आडनाव कायम ठेवून बदलला. बडोद्यात धर्म सांगायला लागला तो खोलीत राहू द्यावे म्हणून. नागपुरात खोली घेतली ती धर्म सांगता यावा म्हणून. आपल्या चळवळीचा एवढा मोठा प्रवास दोन मुक्कामांच्या तुलनेतून दिसत असेल, तर मुक्काम हा विषय गौण कसा मानायचा?

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. श्याम हॉटेलचे दार उघडले म्हणून साऱ्या शहराची दारे उघडली असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. ते देशाचे माजी कायदामंत्री होते, राज्यसभेचे सदस्य होते. कायदामंत्र्याला मिळालेली खोली ही कायद्याने सर्वांना देऊ केलेली खोली नव्हे. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून पांढरी वस्त्रे नेसून जे लोक नागपुरात आले, त्यांतल्या कित्येकांनी प्रवासासाठी किडूकमिडूक विकले होते. ते सगेसोयऱ्यांकडे, वस्त्यांमध्ये, उघड्या मैदानावर टेकले. आजही दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी बाई पुस्तकांच्या दुकानांशेजारी चादर अंथरून, पोराला कुशीत घेऊन झोपते. तिचा मुक्काम हाही उतारूचाच अनुभव आहे आणि त्यावर आपण भक्तीने लिहितो, समीक्षेने लिहीत नाही.

६

कायद्याचा विषय निघाला आहे तर त्याची थोडी उजळणी करू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात मंजूर झालेला बोले ठराव आपल्याला चवदार तळ्यामुळे आठवतो. पण त्या ठरावात पाणवठे आणि विहिरींबरोबर सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धर्मशाळाही होत्या. पाण्याच्या वाट्याला महाड आले. धर्मशाळेच्या वाट्याला तितका गाजलेला संगर आला नाही, म्हणून ती ओळ आपल्या स्मृतीतून गळाली. माणसे वेगळ्या छपरांकडे वळली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा हे असेच एक छप्पर. गाडगेबाबांनी ती पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५चा अस्पृश्यता गुन्हा कायदा त्याच वर्षी १ जूनपासून अमलात आला आणि १९७६च्या दुरुस्तीनंतर त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्याने हॉटेल या शब्दाची व्याख्या रुंद केली. उपाहारगृह, खानावळ, लॉज, कॉफीगृह ही सारी त्यात आली. कप आणि खाट एकाच कलमाखाली आणण्याचे काम साहित्याच्या आधी कायद्याने केले.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी आपण आपली तुलना नेहमी करतो. दलित पँथरने १९७२ मध्ये नावही तिकडूनच घेतले. उतारूच्या बाबतीत ही तुलना उद्बोधक आहे. हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ नावाची मार्गदर्शिका काढली. काळ्या प्रवाशाला कोठे खोली मिळेल आणि कोठे जेवण मिळेल याची ती यादी होती. अटलांटातल्या एका मोटेलने काळ्यांना खोली देणार नाही म्हणून न्यायालय गाठले, तेव्हा १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. मेम्फिसच्या लोरेन मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. ते मोटेल आज नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. पण एक भेद विसरता कामा नये. तेथे रंग दारातच दिसतो, म्हणून नकार दारातच मिळतो. येथे जात दिसत नाही, ती विचारावी लागते, म्हणून येथला नकार नावाच्या रकान्यापाशी दबा धरून बसतो. त्यांच्या साहित्यात दार महत्त्वाचे ठरले. आपल्या साहित्यात वही महत्त्वाची ठरायला हवी.

७

आता ती रात्र. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या कामासाठी मी दोन दिवस नागपूरला गेलो होतो. बर्डीच्या बाजूला एका बेताच्या दराच्या लॉजमध्ये उतरलो. त्याचे नाव सांगत नाही. ते नावाने वाईट असे काही नव्हते. काउंटरवर संत्र्यांची परडी, भिंतीवर देवाची तसबीर आणि तिच्याखाली दरपत्रक. मॅनेजरने आधी किल्ली काढून ठेवली, मग वही पुढे सरकवली. मी नाव लिहिले. त्याने वही स्वतःकडे वळवून वाचली आणि माझे आधार कार्ड तिच्याशी ताडून पाहिले.

“आडनाव हेच का?”

“हेच.”

“मूळचे कुठले म्हणायचे तुम्ही?”

मी जिल्हा सांगितला, तालुका सांगितला. तो अजून थांबला होता. मला कळत होते की मी अजून उत्तर दिलेले नाही. मग त्याने काढून ठेवलेली किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि दुसरी दिली. त्या खोलीतला नळ बिघडला आहे म्हणाला. मिळालेली खोली मागच्या जिन्यालगत होती. कूलर होता, चादर धुतलेली होती, दर तोच. तक्रार करावी असे काही नव्हते. नळ खरोखर बिघडलेला असेलही. १९१७ मध्ये काठ्या होत्या, आता बिघडलेला नळ आहे. कायदा खोली नाकारणाऱ्याला पकडू शकतो. किल्ली बदलणाऱ्याला कसा पकडणार? खोटे पारशी नाव लिहायची सोयही आता उरलेली नाही, कारण आधार कार्डाची नक्कल वहीला जोडली जाते.

रात्री नवाच्या सुमारास एक मुलगा गरम पाण्याची बादली घेऊन आला. विशी-बाविशीचा. बादली ठेवून तो दारात घुटमळला.

“सर, कोनत्या गावचे होय तुमी? खाली वहीत नाव पाह्यलं मी. आपले दिसता.” आणि मग हळूच म्हणाला, “जय भीम.”

मी व्यासपीठांवरून हा शब्द हजारदा उच्चारला आहे. त्या क्षणी उत्तर देण्याआधी मी दाराकडे पाहिले. दार उघडे होते आणि जिन्यावर कोणाची तरी पावले वाजत होती. पावले पुढे गेली, मग मी “जय भीम” म्हणालो. मधे एक-दोन क्षणच गेले असतील. पण त्याने माझी नजर कोठे गेली ते पाहिले होते. “बरं सर,” एवढे म्हणून तो गेला. सकाळी मी त्याला शोधले. तो रात्रपाळीचा होता, घरी गेला होता.

मॅनेजरच्या प्रश्नाचा राग मला आला आणि तो योग्यच होता. पण त्या रात्री झोप उडाली ती त्या रागाने नाही. वहीत माझे नाव पाहून मॅनेजरने किल्ली बदलली. त्याच वहीत तेच नाव पाहून त्या मुलाला आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. एकाच रकान्याची ही दोन वाचने. आणि मी त्यांतल्या पहिल्या वाचनाला घाबरून दुसऱ्याला ताटकळत ठेवले. मी वर्गात बागुलांचा निवेदक शिकवतो. काशिनाथ त्या रात्री बादली घेऊन आला होता.

८

यातून समीक्षेपुरते काय निघते ते सांगून थांबतो.

दलित आत्मकथनांच्या पहिल्या पिढीने वस्तीतून शहरापर्यंतचा प्रवास लिहिला. आज आपल्यातले अनेक जण त्या शहराचे रीतसर उतारू झाले आहेत. परिषदेला जातात, परीक्षेच्या कामाला जातात, टॅक्सीने स्टेशनवर उतरून लॉज गाठतात. या माणसाचे साहित्य अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही, कारण त्याच्या वाट्याला काठ्या येत नाहीत, बदललेल्या किल्ल्या येतात. किल्ली बदलल्याचा अनुभव सांगायला गेलो की ऐकणारा म्हणतो, तुम्हाला उगाच तसे वाटले असेल. जो अनुभव सिद्ध करता येत नाही तो नेमका लिहिणे हे आता लेखकापुढचे काम आहे. त्यासाठी बडोद्याच्या त्या लेखनातली हिशेबी नजर लागेल. काय विचारले, किती वेळ थांबला, कोणती किल्ली काढली आणि कोणती दिली, हे सारे लिहावे लागेल. उमाळ्याने ते साधणार नाही.

दुसरे असे की, उतारूची कथा एकट्या उतारूची नसते. खोली झाडणारा, चादर बदलणारा, पाणी वर नेणारा, संडास धुणारा ही माणसे बहुतेक आपल्यातलीच असतात. आपल्याला किल्ली मिळाली, त्यांच्या हाती झाडू राहिला. शिकलेल्या दलिताने आत्मकथनात स्वतःची किल्ली लिहिली आणि त्यांचा झाडू गाळला, तर ते साहित्य गोडसे भटजींच्या ओसरीइतकेच एकांगी होईल. श्याम हॉटेलच्या त्या चार-पाच दिवसांविषयी लिहितानाही त्या खोलीत चहा नेणारे, पाणी तापवणारे आणि फरशी पुसणारे हात आपण कथेत आणले पाहिजेत. लाखोंच्या मुक्तीचा दिवस ज्या खोलीतून निघाला ती खोली आदल्या रात्री कोणीतरी झाडलेली होती.

या अंकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. त्यांना एकच सुचवतो. पुढच्या खेपेला लॉजमध्ये उतराल तेव्हा नोंदवहीत नाव स्पष्ट, पूर्ण अक्षरांत लिहा. त्या वहीत ते कोणाकोणाकडून वाचले जाते हे लक्षात ठेवा. आणि बादली घेऊन कोणी दारात घुटमळला, तर दाराकडे न पाहता त्याला उत्तर द्या. मला ते जमले नव्हते.